स्क्वीझ शिकताना: आठ महिन्यांनंतर

ब्रिज मी बारा वर्षं खेळतोय. दर शनिवारी फोंड्याहून कदंबची बस धरून मडगावला जातो, तिथे आमची चार टेबलं जमतात. फिनेस (समोरच्याच्या मोठ्या पानाला चकवणं), हुकूम काढणं, लांब रंग उभा करणं, इथपर्यंत जम बसला होता. स्क्वीझ, म्हणजे समोरच्याला कामाचं पान टाकायला भाग पाडणं, मात्र आपला प्रांत नव्हे, असं धरून चाललो होतो. मे महिन्यात माझे भिडू, ज्यांना मी काका म्हणतो, म्हणाले, "अरे, शेवटची तीनच पानं मांड. बावन्न कशाला घेऊन बसतोस?" काकांच्या या एका वाक्याने माझं सगळं शिकणं मार्गी लागलं.

तुम्हीही मांडून बघा. डमीत (आपल्या भिडूच्या उघड्या पानांत) इस्पिकचा एक्का, गुलाम आणि एक निकामी चौकट. आपल्याकडे इस्पिकची तिर्री, बदामाची राणी आणि किलवरची शेवटची सत्ती, जी आता मोठी आहे. एका प्रतिस्पर्ध्याकडे इस्पिकचे राजा-राणी आणि बदामाचा राजा. सत्ती खेळा. त्याने बदाम टाकला तर आपली राणी मोठी, इस्पिक टाकलं तर डमीचा गुलाम मोठा. डमीतून चौकट जाते, म्हणून ही पानं डावीकडे असोत वा उजवीकडे, डाव जमतो. दोन्ही धमक्या (समोरच्याने राखणारं पान टाकलं की मोठी होणारी पानं) डमीतच असतील तर मात्र तो डावीकडचाच लागतो, कारण उजवीकडचा डमीनंतर पान टाकतो. पावसाळ्यात वीज गेली की मेणबत्तीच्या उजेडात हीच तीन पानं मी पुन्हा पुन्हा मांडत असे. कागदी पत्ते दमट हवेत एकमेकांना चिकटतात, तेव्हा प्लास्टिकचे घ्या.

सर्वांत जास्त वेळ गेला तो हरायचा हात (चार पानांची एक फेरी) आधीच देण्यात. स्क्वीझ चालायला बहुतेक वेळा उरलेल्या हातांपैकी एक सोडून सगळे आपले असावे लागतात. १२ हवेत आणि ११ आहेत, तर जायचा तो एक हात लवकर देऊन टाकायचा. आपल्या जिवावर येतं ते. जूनपासून चतुर्थीपर्यंत मी एक्का दाबून ठेवायच्या जागी घाईने मारत होतो आणि शेवटी समोरच्याकडे एक फालतू पान उरत होतं, जे तो खुशाल टाकून द्यायचा. दाब पडणार कुठून?

सरावासाठी ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावरचा ब्रिज मास्टर हा कोड्यांचा संच वापरला. पाच पातळ्या आहेत, चुकलात की डाव पडतोच, आणि नंतर बरोबर खेळ पान-पान उलगडून दाखवतात. स्क्वीझ ओळखण्याची नजर मला तिथेच आली. पण कोड्यात काहीतरी दडलंय हे आधीच ठाऊक असतं. टेबलावर ते कोणी सांगत नाही, म्हणून शनिवारचा खेळ सोडू नका.

नोव्हेंबरमधला एक डाव सांगतो. सहा नो ट्रम्प, म्हणजे हुकुमाशिवाय बारा हात करायचे. डमीत इस्पिकचे एक्का-राजा आणि दोन बारकी पानं, माझ्याकडे राणी आणि दोन बारकी. बदामाचे एक्का-गुलाम-छक्की माझ्याकडे, डमीत दोन बारके. चौकटचे चार आणि किलवरचे तीन हात खात्रीचे. मोजले तर ११. डावीकडून बदामाचा राजा आला. मेमधला मी तो एक्क्याने घेतला असता आणि प्रतिस्पर्ध्यांत इस्पिक ३-३ वाटलं जावं म्हणून देवाला हात जोडले असते. ती शक्यता ३५.५ टक्के. या वेळी राजा सोडून दिला. याला बाथ कूप म्हणतात. पुन्हा बदाम खेळला तर माझा गुलाम होतो, म्हणून त्यांनी किलवर काढलं. मग बदामाचा एक्का, चारही चौकट आणि उरलेली किलवरं. शेवटच्या किलवरला डावीकडच्यांच्या हातात चार इस्पिक आणि बदामाची राणी. बराच वेळ ते पानांकडे बघत राहिले, मग इस्पिक टाकलं. डमीची दुर्री तेरावा हात घेऊन गेली.

फक्त दोनच गोष्टी मी मोजत होतो: बदामाची राणी पडली का, आणि इस्पिक किती गेली. बावन्न पानं लक्षात ठेवावी लागतात ही भीती मनातून काढा.

व्हिएन्ना कूप अजून जड जातो. डमीतला एक्का आधी वाजवून समोरच्याचा राजा मोठा करायचा, म्हणजे आपल्याकडची राणी मोकळी धमकी होते. समजतं, पण ऐन वेळी हात पुढे होत नाही. काका म्हणतात, "दुहेरी स्क्वीझ होळीनंतर बघू, आधी हे पक्कं कर." या शनिवारी बसमध्येही पत्ते सोबत आहेत.