कणेरी मठ: मुलांसह एक दिवस

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय लहान मुलांसह सहलीसाठी मला सर्वाधिक आवडते. बारा बलुतेदार, त्यांची अवजारे, घरे आणि गुरेढोरे पुतळ्यांच्या रूपाने मोकळ्या आवारात मांडलेली असल्यामुळे मुलांना काचेआड डोकावावे लागत नाही. लोहाराच्या भात्यासमोर आमची नात थबकली आणि तिच्या पणजोबांच्या काळी नांगराचा फाळ कसा शेवटून, म्हणजे टोकाला धार काढून घेत, हे आजोबांनी तिला तिथेच उभे राहून सांगितले. असा संवाद घसरगुंडी-झोपाळ्यांच्या बागेत क्वचितच घडतो. चालणे बरेच असल्याने उन्हाळ्यात सकाळी लवकरच जावे, टोपी व पाणी सोबत ठेवावे आणि वडीलधाऱ्यांना अवश्य न्यावे, कारण पुतळ्यांमागची खरी माहिती त्यांच्याकडेच असते.