फर्स्ट इयरची मेंटॉर सेवा: ॲपला दीड स्टार, मॅडमना साडेचार

लहान भाऊ यंदा एफवायबीएस्सीला आहे. जळगाव जिल्ह्यातलंच कॉलेज, आपल्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठाला जोडलेलं, नाव घेत नाही कारण भावाला अजून तिथेच शिकायचंय. फीच्या पावतीवर "स्टुडंट सपोर्ट" म्हणून वेगळी लाइन होती म्हणून मी मुद्दाम लक्ष ठेवून होते की हे नेमकं देतात काय. देतात दोन गोष्टी, एक ॲप आणि एक मेंटॉर, म्हणजे पोरांकडे लक्ष ठेवणाऱ्या कॉलेजातल्याच एक मॅडम.

आधी ॲप. हजेरी, इंटर्नलचे मार्क, फी भरली की नाही, एवढं सगळं घालून प्रत्येक पोराच्या नावापुढे लाल-पिवळा-हिरवा दिवा लावतं, लाल म्हणजे हा कॉलेज सोडायच्या बेतात आहे. आयडिया नवीन नाही, अमेरिकेत पर्ड्यू युनिव्हर्सिटीने कोर्स सिग्नल्स नावाने हेच केलं होतं, तिकडे तर हे दिवे लागल्यामुळे पोरं टिकली असा गाजावाजा झाला आणि मग २०१३ मध्ये लोकांनी आकडे उलटे करून बघितले तर निघालं की जी पोरं टिकली त्यांनीच असे दिवेवाले कोर्स जास्त केले होते, म्हणजे पोरं टिकली म्हणून दिवे जास्त दिसले. मी टेस्टिंगमध्ये काम करते त्यामुळे असलं वाचायची सवय, असो.

आता आपल्याकडे हे ॲप काय करतं बघा. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी असते, मजूर मिळत नाही, घरचीच पोरं शेतात. तेव्हा ॲपमध्ये अर्धा वर्ग लाल. त्यातली बहुतेक पोरं वेचणी संपली की येणारच असतात, कॉलेजलाही माहीत असतं, पण पालकांना मेसेज गेला इंग्लिशमध्ये की तुमचा पाल्य ॲट रिस्क आहे. आमच्या बाबांनी मला फोन केला, पोराला कसला रोग झाला काय म्हणून!! आणि गंमत म्हणजे त्याच्या आधीच्या महिन्यात, जेव्हा भाऊ खरोखर अडकला होता, तेव्हा दिवा हिरवागार होता. कारण हजेरी पूर्ण. तो रोज पहिल्या एसटीने जायचा, वर्गात बसायचा आणि काहीच कळत नव्हतं. बारावीपर्यंत पुस्तक इंग्लिश असलं तरी सर मराठीत समजावायचे, इथे डायरेक्ट इंग्लिश, मॅथ्सचा तर ठावच लागेना, विचारायची लाज. घरी नीट बोलेना, एकदम म्हणे मी सुरतला आत्तेभावाकडे कामाला जातो.

महिन्यातून एकदा ॲप विचारतं, आर यू फेसिंग एनी डिफिकल्टी, येस की नो. सगळे नो दाबतात. कोण दाबेल हो येस?

पकडलं मॅडमनी. आणि कशावरून, तर प्रॅक्टिकलच्या जर्नलवरून. पहिले दोन-तीन प्रयोग सही करून घेतलेले आणि मग जर्नल यायचंच बंद. मॅडमचं म्हणणं की टेस्टचे मार्क येईपर्यंत थांबलं तर उशीर होतो, पोरगं मनाने तोवर निघून गेलेलं असतं, त्यामुळे जर्नल आलं नाही, स्कॉलरशिपचा फॉर्म भरला नाही, शेवटच्या बाकावर सरकला, असलं बघायचं. त्यांनी त्याला लॅबमध्ये थांबवून ओरडा नाही केला, सरळ अहिराणीत विचारलं "काय व्हयनं रे भाऊ?" आणि हा पठ्ठ्या जे घरी महिनाभर बोलला नाही ते तिथे बोलला.

पुढचं पण सांगते कारण खरी सेवा ती आहे. मॅथ्ससाठी टीवायचा एक पोरगा जोडून दिला, तो कमवा आणि शिकामधून लायब्ररीत काम करतो, दुपारी तिथेच दोघं बसतात, मराठीत समजावतो आणि इंग्लिश शब्द तेवढे पाठ करून घेतो. दुसरं म्हणजे महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचा ऑनलाइन फॉर्म. भावाला वाटत होतं भरला म्हणजे झालं, तो फॉर्म अडकला होता कॉलेजच्या क्लर्क लॉगिनला कारण उत्पन्नाचा दाखला जुना, आणि बँक खात्याला आधार लिंक नव्हतं, म्हणजे मंजूर होऊनही पैसे आलेच नसते. मॅडम स्वतः त्याला घेऊन ऑफिसात गेल्या. पोरं कॉलेज सोडतात ती अभ्यासाने कमी आणि असल्या कागदांनी जास्त, हे माझं मत, पटो न पटो. जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटी याच कामासाठी फार नावाजली, २०१२ पासून ते रोज प्रत्येक विद्यार्थ्याचे ८०० च्या वर धोके कॉम्प्युटरवर तपासतात, पण त्यांनी सोबत सल्लागारही भरले आणि थोड्या फीसाठी ज्यांचं नाव कटणार त्यांच्या खात्यात कॉलेजच पैसे टाकतं. आपल्याकडे दिवा विकत घेतला, बाकीचं मॅडमवर सोडलं.

आणि मॅडम कोण, तर सीएचबीवाल्या. तासिका तत्त्वावर. घेतलेल्या तासाचे पैसे, मेंटॉरिंगचे शून्य, वर्ष संपलं की परत मुलाखत. एका मेंटॉरकडे पन्नासेक पोरं. पुढच्या वर्षी भाऊ एसवायला जाईल तेव्हा मॅडम असतील का हे प्रिन्सिपलही सांगू शकत नाहीत. अर्धा स्टार मॅडमचा कापला नाही, कॉलेजचा कापलाय. दुसऱ्या डिव्हिजनला जे मेंटॉर आहेत ते नॅकची (कॉलेजला ग्रेड देणारी) टीम यायच्या आधी सगळ्यांच्या सह्या एकाच दिवशी घेतात, मीटिंगच्या तारखा मात्र वर्षभराच्या. म्हणजे सेवा चांगली की वाईट हे तुमच्या नशिबावर.

सातपुड्याकडून येणारी पावरा आदिवासी पोरं आहेत भावाच्या वर्गात, चोपडा-यावलच्या वरच्या पाड्यांवरची. त्यांच्यासाठी ही सेवा जवळजवळ नाहीच. सरकारी हॉस्टेलचा नंबर लागेपर्यंत त्यांचे पहिले आठवडे गेलेले असतात, ॲप तेव्हा सेटच झालेलं नसतं. हॉस्टेल न मिळालेल्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेत राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात, हे त्यातल्या एकाला भावाने सांगितलं. खरं तर हे कॉलेजने पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे, नोटीस बोर्डवर नाही, तोंडाने.

एक अजून खटकलं. नवीन शैक्षणिक धोरणात एक वर्ष करून सर्टिफिकेट, दोन वर्षं करून डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. चांगलंय, परत येता येतं. पण ऑफिसातला एक जण भावाला सहज म्हणाला, नाही जमलं तर एक्झिट घेऊन घे. अहो, आधी विचारा तरी का जमत नाहीये!

समुपदेशक शनिवारी येतात म्हणे, भावाला तरी कधी दिसले नाहीत. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, तो भिंतीवर लावलाय त्याबद्दल कॉलेजला मार्क.

पैसे वसूल का? आमचे झाले, जर्नल बघणारी बाई भेटली म्हणून. ॲडमिशनला जाल तेव्हा ॲपचा डेमो बघत बसू नका, मेंटॉर कोण, परमनंट की सीएचबी, किती पोरं त्यांच्याकडे, आणि स्कॉलरशिपचं बघणारा क्लर्क कोणत्या टेबलावर बसतो ते विचारा. पालकाचा नंबर म्हणून वडलांचाच द्यायला पाहिजे असं काही नाही, जो फोन उचलतो त्याचा द्या. आमच्या मॅडमनी आईचा आणि माझा, दोन्ही लिहून घेतले.