जुन्या बोटीला नवा ड्राइव्ह: एका मोसमानंतरचा हिशेब

बोट १९९६ची. आत ४.३ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, मागे मर्क्रूझरचा अल्फा वन जनरेशन टू ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद प्रोपेलरपर्यंत नेणारा बाहेरचा भाग. डेट्रॉईटजवळच्या लेक सेंट क्लेअरवर फिरते. मागच्या मोसमाच्या शेवटी जुना ड्राइव्ह निकामी झाला, हिवाळ्यात गॅरेजमध्ये नवा चढवला आणि यंदा मे ते ऑक्टोबर त्याच्यावरच बोट चालवली. इथल्या आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांनी अशा जुन्या बोटी घेतल्यात, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितोय.

तारकर्लीला डॉल्फिन बघायला नेतात त्या बोटीचं इंजिन मागे लटकलेलं असतं, ते आउटबोर्ड. इथे इंजिन बोटीच्या पोटात असतं आणि मागच्या फळीतून शाफ्ट बाहेर येतो. बाहेरच्या ड्राइव्हमध्ये तो आधी खाली आणि मग पुन्हा मागे वळतो, म्हणजे दोन काटकोन, दोन ठिकाणी गिअर. ड्राइव्ह डावीकडे-उजवीकडे वळायला हवा आणि वर उचलताही यायला हवा, म्हणून शाफ्टला मध्ये युनिव्हर्सल जॉइंट असतात. त्यांच्यावर पाणी येऊ नये म्हणून बेलोज, म्हणजे घड्यांची रबरी नळी. सगळं महाभारत या बेलोजमुळे.

आधीच्या मालकाने बोट वर्षानुवर्षं ड्राइव्ह वर उचलून ठेवली होती. तसं ठेवलं की बेलोज ताणलेला राहतो आणि घडीवर चिरतो. त्या चिरेतून पाणी आत गेलं. पहिल्यांदा शाफ्टला आधार देणारं गिंबल बेअरिंग गंजलं, मग जॉइंट, आणि शेवटी वरच्या भागाचं सील ओलांडून पाणी गिअर ऑइलमध्ये. सुरुवातीला हळू चालवताना स्टिअरिंग वळवलं की घरघर यायची, सरळ केलं की थांबायची. आवाज वळणावर बदलतो तेव्हा बहुधा बेअरिंग किंवा जॉइंटची तक्रार असते. नंतर मात्र सरळ जातानाही, जोर दिला की, खरखर सुरू झाली. ऑइल काढलं तर दुधाळ, चहासारखं. खालच्या चुंबकी प्लगवर झिजलेल्या धातूचं करड्या रंगाचं बारीक पीठ जमतं, ते चालतं. माझ्या प्लगवर चकत्या होत्या.

दुकानाने दुरुस्तीसाठी सांगितलेल्या आकड्यात तशीच दुसरी जुनी बोट आली असती. वरचा भाग उघडून नवे गिअर बसवायचे तर शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) लावून दातांमधली फट जुळवावी लागते, त्याची मापं आणि हत्यारं घरी नसतात. भंगारातला ड्राइव्ह स्वस्त, पण त्याच्या पोटात काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही. शेवटी त्याच मापाचा, पण मूळ कंपनीचा नसलेला, अख्खा नवा ड्राइव्ह मागवला, तीन वर्षांच्या हमीचा. मागवताना गिअरचं गुणोत्तर तपासा. माझा १.८१चा होता. चुकीचं आलं तर ड्राइव्ह बसेल, पण इंजिन योग्य आरपीएमला पोचणार नाही किंवा पुढे पळेल.

ड्राइव्ह काढणं तसं सोपं. गिअर फॉरवर्डमध्ये ठेवायचा, ट्रिमचे (ड्राइव्ह वर-खाली करणारे) सिलिंडर सोडायचे, सहा नट काढायचे आणि ड्राइव्ह मागे ओढायचा. खाली जॅक किंवा स्टँड हवाच. एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका, पाठ जाईल.

खरं काम त्याच्या पुढच्या बाजूला आहे, आणि लोक नेमकं तेच टाळतात. नवा ड्राइव्ह जुन्या बेलोजवर आणि गंजक्या बेअरिंगवर चढवला तर पुन्हा त्याच वाटेने जाणार. मी तिन्ही बेलोज बदलले: जॉइंटचा, एक्झॉस्टचा आणि गिअर केबलचा. गिंबल बेअरिंग बदललं आणि खालची शिफ्ट (गिअर) केबलही. एक्झॉस्टचा बेलोज चढवायला खास हत्यार लागतं, त्याने मात्र रडवलं. मग अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आणणं. लोखंडी बार बेअरिंगमधून इंजिनच्या कपलरपर्यंत (शाफ्ट जिथे इंजिनाला जोडला जातो तो भाग) दोन बोटांनी सरकायला हवा. जुन्या बोटीत इंजिनचे माउंट (आधार) दबून खाली गेलेले असतात. माझा बार अडत होता, म्हणून पुढच्या माउंटचा नट फिरवून इंजिनची उंची जुळवावी लागली. हे सोडलं तर कपलरच्या खाचा खाल्ल्या जातात आणि तो बदलायला अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. शेवटी सहा नट ५० फूट-पौंडांना टॉर्क रेंचने आवळले.

ऑइल खालच्या भोकातून पंपाने भरायचं, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते.

आता वापराबद्दल. जुन्याच प्रोपेलरवर पूर्ण थ्रॉटलला ४६०० आरपीएम मिळतात. या इंजिनाची मर्यादा ४४०० ते ४८००, म्हणजे गुणोत्तर बरोबर. वळणावरची घरघर गेली. आणखी एक फायदा अनपेक्षित होता: धक्क्याला लागताना न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडायचं, तेही थांबलं. तो दोष ड्राइव्हचा नसून जड झालेल्या केबलचा होता. निव्वळ त्या केबलसाठीही हा खटाटोप करण्याजोगा होता, असं आमच्या घरातल्या डेक-क्रूचं मत आहे.

सेंट क्लेअर उथळ आहे, सरासरी साडेतीन मीटरच्या आत. १९८८मध्ये इथे झेब्रा शिंपले सापडले. त्यांनी पाणी गाळून नितळ केलं, ऊन तळापर्यंत पोचलं आणि शेवाळ-गवत माजलं. ते पाणी ओढायच्या जाळीवर बसतं, तेव्हा तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी लागते. इम्पेलर (थंडाव्याचं पाणी ओढणारं रबरी चाक) नवा असल्याने यंदा काटा फार हलला नाही. मस्कमूट बेच्या वाळूवर जाताना ट्रिम वर घेतो, पण अगदी हळू. खूप वर उचलून जोर दिला की जॉइंट खडखडतात.

तक्रारी दोन. रंग पातळ आहे, प्रोपेलरखालच्या पात्यावरचा पहिल्या वाळूतच उडाला. आणि सोबत आलेले अ‍ॅनोड जस्ताचे होते (ड्राइव्हऐवजी स्वतः गंजणारे धातूचे तुकडे). ते खाऱ्या पाण्यात ठीक, गोड्या पाण्यात त्यांच्यावर थर बसतो आणि ते निकामी होतात. मॅग्नेशियमचे वेगळे घेऊन लावले. कोकणात कुणी असा ड्राइव्ह चालवत असेल तर त्याने उलट मॅग्नेशियम टाळावं, समुद्रात ते झपाट्याने संपतं.

ऑक्टोबरअखेर ऑइल काढलं. मधासारखं स्वच्छ, प्लगवर फक्त पीठ. नवं ऑइल भरून ड्राइव्ह खाली सोडून ठेवलाय, म्हणजे बेलोज ताणत नाही आणि आतलं पाणी निथळून जातं. जुना ड्राइव्ह गॅरेजच्या कोपऱ्यात पडलाय. त्याचा खालचा भाग शाबूत आहे, कुणाला हवा असेल तर घेऊन जा.