सेल न लागणारा रिमोट : टिकटिकीले ५ स्टार, कामाले शून्य

आतेभाऊ अमेरिकेत राहते. दिवाळीले गावी आला तेव्हा तिथल्या जुन्या बाजारातून माझ्यासाठी झेनिथ कंपनीचा स्पेस कमांड रिमोट घेऊन आला, कारण मी तालुक्याले टीव्ही रिपेरिंग करतो अन् असल्या भंगाराचा मले लय नाद.

हे मॉडेल १९५६ सालचं. सेल नाही, सर्किट नाही. खोलून पाहिलं तर आत फक्त ॲल्युमिनियमच्या चार दांड्या, लांबी थोडी थोडी वेगळी. बटन दाबलं की बारकी हातोडी दांडीच्या टोकावर टक्कन बसते अन् दांडी वाजते, पण तो आवाज आपल्याले ऐकूच येत नाही, टीव्हीतला माइक तेवढा पकडते. आपल्या कानावर येते ती हातोडीची टिक. हा बनवणाऱ्या रॉबर्ट ॲडलरनं काय डोकं लावलं बापा! त्याच्या आदल्या वर्षी कंपनीनं उजेडावर चालणारा काढला होता, तर ऊन पडलं की चॅनल आपोआपच बदलायचं. आमच्याकडे मे महिन्यात टीव्ही पागल झाला असता.

तोटे याचेही हायेत. टीव्हीत सहा ट्यूबा (जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह) जास्तीच्या लागायच्या, त्यानं किंमत ३० टक्क्यांनी वाढायची. अन् चिल्लर खुळखुळली तरी चॅनल बदलायचं म्हणतात. पोळ्याले बैल घुंगरं वाजवत दारातून गेले असते तर झालंच!

आमच्या घरी रिमोट म्हणजे मीच होतो. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचा नॉब तुटलेला, म्हणून मी पक्कड घेऊन पुढं बसायचो अन् आबाजी मागून खाटेवरून "वाढव बे आवाज" म्हणायचे. आता दुकानात जे रिमोट येतात त्याईचं रबर घासलेलं, बटनात कापसाचा कचरा, सेल उन्हात वाळवून वाळवून फुगलेले, अन् गिऱ्हाईक म्हणते रिमोट खराब हाय भाऊ. खराब कायचा, दहा रुपयाचे सेल टाकत नाही तुम्ही.

हा मात्र अजूनही पहिल्या दिवसासारखा वाजते. आमचा कुत्रा लगेच कान टवकारते, टिक ऐकून की दांडी ऐकून, त्यालेच माहीत. आबाजी आता नव्वदीत हायेत. त्याईनं हातात घेतला, टीव्हीवर रोखला, चार-पाच खेपा टिक टिक केलं अन् म्हणे, "वाजते तर झकास बे, पन बातम्या काहून नाही लागत?"

मी उठलो अन् लावून देल्ल्या.