खजिना फाशांवर, हिशोब दोन वह्यांत: डी अँड डीचे खजिना-तक्ते वापरल्यानंतरचा अनुभव

काय वापरलं ते आधी. डी अँड डी म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', फाशांवर चालणारा भूमिका-खेळ. त्यात खेळ चालवणाऱ्यासाठी (डंजन मास्टर, म्हणजे डीएम) असलेल्या 'डंजन मास्टर्स गाइड'च्या २०१४च्या आवृत्तीतले खजिन्याचे तक्ते, चार खेळाडूंचं टेबल, पात्रांच्या पहिल्या लेव्हलपासून नवव्यापर्यंत. बैठक फोंड्याला, रविवारी दुपारी. कॅम्पेन (बैठकींमागून बैठकी चालणारी कथा) कदंबांच्या गोव्यावर बेतलेलं आहे, त्यामुळे सोन्याच्या नाण्याला आम्ही गद्याण म्हणतो. दर पुस्तकातलेच ठेवले: दहा तांब्याची नाणी म्हणजे एक चांदीचं, दहा चांदीची म्हणजे एक सोन्याचं. पोर्तुगीज अमदानीतल्या नाण्यांचा मोह होतो, पण रुपियाचे १६ टंगा आणि टंग्याचे ६० रेइस हा हिशोब लढाई संपल्यावर पाच मिनिटांत करून दाखवा आणि मग बोला.

तक्ते टाकाऊ नाहीत. पण चौथ्या लेव्हलपर्यंत ते कंजूष आहेत आणि पाचवीला एकदम उधळे होतात, आणि हे पुस्तक स्पष्ट सांगत नाही. पहिल्या टप्प्यातल्या (लेव्हल एक ते चार) एका मोठ्या खजिन्यात नाण्यांची सरासरी २,१०० तांब्याची, १,०५० चांदीची आणि ७० सोन्याची. सगळं सोन्यात धरलं तर १९६. असे सात खजिने त्या टप्प्यात अपेक्षित आहेत, म्हणजे एकूण १,३७२, माणशी ३४३. पुढच्या टप्प्यातल्या (पाच ते दहा) एकाच खजिन्याची सरासरी ३,८५७! आधीच्या सातांच्या जवळजवळ तिप्पट रक्कम एका पेटीत, आणि तसे अठरा खजिने. रत्नं नि कलावस्तू यात धरलेल्याच नाहीत.

वजनाकडेही बघा. पन्नास नाण्यांना एक पाउंड, म्हणजे पहिल्या टप्प्यातला १९६ किमतीचा खजिना भरतो २९ किलोंच्या आसपास, त्यातलं बहुतेक वजन तांब्याचं. दुसऱ्या टप्प्यातला सुमारे ९० किलो. हे वजन मोजलं तर होडी, हमाल, राखण असे प्रश्न आपोआप उभे राहतात आणि खेळ रंगतो. मात्र 'बॅग ऑफ होल्डिंग' ही जादूची पिशवी हाती आली की ५०० पाउंडांपर्यंतची चिंता मिटते, म्हणून ती पिशवी आम्ही सातव्या लेव्हलपर्यंत लांबवली.

पैसा येण्याची दुसरी वाट तक्त्यात नाहीच, ती मेलेल्या शत्रूंच्या अंगावर असते. २०१४च्या नियमांतला एक साधा हॉबगॉब्लिन (सशस्त्र राक्षस) घ्या, किमती सोन्यात: चेन मेल चिलखत ७५, ढाल १०, लाँगस्वोर्ड १५, लाँगबो ५०. एकूण १५०, निम्म्या भावाने विकलं तर ७५. दहा जण मारले की ७५०, म्हणजे त्या टप्प्यातल्या जवळजवळ चार खजिन्यांची नाणी. राक्षसांनी वापरलेली हत्यारं-चिलखतं सहसा विकण्यालायक नसतात असं 'प्लेअर्स हँडबुक' या खेळाडूंच्या नियमपुस्तकात एका ओळीत लिहिलंय, पण ती ओळ कुणाच्या लक्षात राहत नाही. पहिल्याच बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. नंतर सांगितलं तर खेळाडूंना ती पळवाट वाटते, आणि त्यांचंही चुकत नाही.

आता मुख्य मुद्दा. रोकड आणि जादूच्या वस्तू यांची खाती वेगळी ठेवावीत, आणि एका खात्यातून दुसऱ्यात मनाला येईल तेव्हा रक्कम फिरवता येऊ नये. गाइडच्या २०२४च्या आवृत्तीत वस्तू किती दुर्मिळ यावरून सोन्यातल्या किमती सुटसुटीत केल्या आहेत: कॉमन १००, अनकॉमन ४००, रेअर ४,०००, व्हेरी रेअर ४०,०००, लेजेंडरी २,००,०००. वाचायला सोपं, पण +१ तलवार (फाशात एकची भर घालणारी) अनकॉमन आणि 'ब्रूम ऑफ फ्लाइंग'ही अनकॉमन. दुकान उघडं ठेवलंत तर तलवारीच्या भावात उडणारा झाडू मिळतो, त्याला अट्यूनमेंटही (वस्तूशी मालकाची जुळणी) लागत नाही, आणि तुम्ही बेतलेली किल्ल्याची भिंत, खंदक, खाडी सगळं फुकट जातं. म्हणून आमच्याकडे जादूचं दुकान नाही. बाजारात हीलिंग पोशन (५० सोनं, सरासरी ७ हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, परत), साधी स्क्रोल्स (मंत्राच्या गुंडाळ्या) आणि साधं चिलखत मिळतं. बाकीसाठी माणूस शोधावा लागतो.

रोकडीच्या वहीत फासे बंद करून माणशी ठरावीक रक्कम लिहिली. पहिल्या लेव्हलला ५०, मग १००, १५०, २००. पाचवीपासून ६००, ८००, १,०००, १,३००, १,६०० आणि दहावीला २,०००. म्हणजे सुरुवातीला तक्त्यापेक्षा जास्त (३४३ऐवजी ५००) आणि पुढे निम्म्याहून कमी (१७,३५६ऐवजी ७,३००). आकडे हवेतले नाहीत, ते चिलखतावर बेतले आहेत. फायटरला (लढवय्याला) २०० सोन्याचं स्प्लिंट तिसरीच्या शेवटी परवडतं, १,५०० सोन्याचं प्लेट सहावीच्या शेवटी किंवा सातवीला. पोशन्सवर किती उडवले त्यावर अवलंबून.

प्लेटची एवढी काळजी का, ते फाशावर पाहा. शत्रूच्या वीस बाजूंच्या फाशात त्याचा बोनस मिळवून बेरीज एसीइतकी (आर्मर क्लास, बचावाचा आकडा) किंवा जास्त झाली की वार लागतो. शत्रूचा हल्ल्याचा बोनस +५. चेन मेल आणि ढाल मिळून एसी १८, म्हणजे २० पैकी ८ आकड्यांवर वार लागतो, ४० टक्के. प्लेट आणि ढाल, एसी २०: ३० टक्के. त्यावर +१ प्लेट आणि +१ ढाल दिलीत तर २२: २० टक्के. आधीच भक्कम असलेल्या माणसाला आणखी +२ देता तेव्हा लागणारे वार एक तृतीयांशाने घटतात. मग तुम्ही त्याला भिडण्यासाठी शत्रूचा बोनस वाढवता आणि एसी १३चा विझार्ड (जादूगार) दुसऱ्या फेरीत आडवा होतो. टेबल बिघडतं ते इथे. 'क्लोक ऑफ प्रोटेक्शन' (बचाव वाढवणारा झगा) असल्या गोष्टी पॅलाडिनच्या (चिलखती धर्मयोद्ध्याच्या) वाटेत न ठेवता 'रोग'च्या (rogue, चोर-हेराच्या), विझार्डच्या वाटेत ठेवा. पॅलाडिनला हालचालीची किंवा बोलण्यात कामी येणारी वस्तू द्या.

वस्तूंच्या वहीचा पाया 'झानाथार्स गाइड' या पूरक नियमपुस्तकातला तक्ता (२०१७): पूर्ण टोळीला पहिल्या चार लेव्हलांत ९ किरकोळ आणि २ महत्त्वाच्या वस्तू, पाच ते दहात २८ आणि ६. दोन महत्त्वाच्या वस्तू चौघांत वाटल्या की दोघे रिकामे राहतात, म्हणून आम्ही सुरुवातीला चार केल्या आणि किरकोळ वस्तू सहावर आणल्या. वहीत चारच रकाने पुरतात: वस्तू, कुणाकडे, अट्यूनमेंट लागतं का (तीनची मर्यादा), आणि त्या माणसाला शेवटची महत्त्वाची वस्तू कधी मिळाली. चौथा रकाना सगळ्यात उपयोगी. बोलकी माणसं नकळत जास्त घेऊन जातात, ते त्यातच दिसतं.

पैसा खर्च कुठे होणार? विझार्डची सोय नियमांतच आहे: स्पेल (मंत्र) वहीत उतरवून घ्यायला मंत्राच्या दर लेव्हलमागे ५० सोनं नि दोन तास. रिव्हिव्हिफाय या मेलेल्याला उठवणाऱ्या मंत्राला ३०० सोन्याचा हिरा लागतो आणि तो खर्ची पडतो, तेव्हा गावात हिरे किती हे डीएमने आधीच ठरवावं. आम्ही एका वेळी दोन ठेवतो. राहणीमानाचा खर्च पाचवीनंतर नगण्य, बेताच्या राहणीला दिवसाला १ सोनं. फायटरला प्लेटनंतर घ्यायला काहीच उरत नाही, आणि त्याच्यासाठीच आम्ही खाजन (खाडीलगतची बांध घातलेली शेतजमीन) आणलं. गावकारीने (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेने) बक्षीस म्हणून टोळीला खाडीकाठची जमीन दिली. बांधाची डागडुजी महिन्याला १०० सोनं, मानशीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) फळी कुजली की वर ४०. पैसे थांबवले तर भरतीचं खारं पाणी शेतात आणि त्या वर्षाचं भात गेलं. उत्पन्न रोख देत नाही, दिलं तर खर्चाची वाट उलटी होऊन कमाईची होते. भात, मानशीवरची मासळी, गरजेला होडी आणि गावाचा शब्द, एवढंच. पैसे जाताना कुणी कुरकुरलं नाही, हे विशेष.

वस्तूंची कार्डं जाड कागदावर छापली तर पावसाळ्यात वाकतात आणि कडेने बुरशी धरते. लॅमिनेशन करा, नाहीतर ६३ बाय ८८ मिलिमीटरच्या स्लीव्हमध्ये घाला. नाण्यांसाठी पोकर चिप्स चालतात, मात्र वहीतला आकडा अंतिम.

'पाथफाइंडर' या तशाच खेळाची दुसरी आवृत्ती खेळत असाल तर एवढा खटाटोप नको. तिथे प्रत्येक लेव्हलचा खजिना चौघांसाठी मांडून दिलेला आहे (पहिलीला एकूण १७५ सोनं, पैकी ४० रोख) आणि पाचव्या खेळाडूमागे किती वाढवायचं तेही. उलट तिथे कमी दिलंत तर गणित कोसळतं, कारण हत्याराचे रून (ताकद वाढवणारी जादूची चिन्हं) शत्रूंच्या आकड्यांत गृहीत धरलेत. डी अँड डीत पाच-सहा खेळाडू असतील तर माणशी रोकड तीच ठेवा, महत्त्वाच्या वस्तू माणशी एक या हिशोबाने वाढवा, हिरे मात्र दोनच.