जुना फ्लॅट घेताना-विकताना : दलाल, पोर्टल की थेट व्यवहार?

पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये पुनर्विक्रीचा फ्लॅट घ्यायचा किंवा विकायचा ठरले, की व्यवहार कोणाच्या मार्फत करायचा हे सुरुवातीलाच ठरवावे लागते. वाटा मुख्यतः तीन आहेत : परिसरातला दलाल, इंटरनेटवरची पोर्टले आणि ओळखीपाळखीतून किंवा सोसायटीच्या सूचना फलकावरून जमणारा थेट व्यवहार. या लेखातली तुलना पुनर्विक्रीपुरतीच आहे. बिल्डरकडून नवा फ्लॅट घेताना एजंटाचे पैसे बहुधा बिल्डरच देतो आणि तिथे लागू होणारा कायदाही वेगळा आहे, त्यामुळे ते प्रकरण बाजूला ठेवले आहे.

दलालांविषयीच्या तक्रारी जिकडेतिकडे सारख्याच ऐकू येतात. जाहिरातीतला फ्लॅट विचारला की तो ‘कालच गेला’ असतो. विक्रेत्याला एक भाव सांगितला जातो आणि खरेदीदाराला दुसरा. टोकन, म्हणजे सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम, मिळेपर्यंत दिवसातून चार फोन येतात आणि टोकन मिळाल्यावर आपणच फोन करत बसतो. यातल्या काही तक्रारी सरळसरळ लबाडीच्या आहेत. बाकीच्यांचे मूळ मात्र दलालीच्या हिशेबात आहे आणि तो हिशेब एकदा समजला, की कोणत्या कामासाठी दलालावर विसंबावे आणि कोणत्या कामासाठी मुळीच विसंबू नये, हे बरेचसे उलगडते.

८० लाखांचा फ्लॅट धरू. दलाली साधारणपणे १ ते २ टक्के असते आणि पुनर्विक्रीत ती बहुधा दोन्ही पक्षांकडून घेतली जाते. १ टक्का धरला, तर दलालाला दोन्हीकडून मिळून १ लाख ६० हजार रुपये मिळतात. आता खरेदीदाराने घासाघीस करून किंमत २ लाखांनी खाली आणली, तर त्याचे २ लाख वाचतात, विक्रेत्याचे २ लाख बुडतात आणि दलालाचे जातात ते अवघे ४ हजार. तेवढ्यासाठी तो व्यवहार मोडू देणार नाही; पण कोणाच्याही २ लाखांसाठी जिवाचे रानही करणार नाही. त्याला व्यवहार या महिन्यात पूर्ण व्हायला हवा असतो, कारण तो फिसकटला तर त्याच्या पदरात काहीच पडत नाही. अशा माणसाला ‘हा भाव योग्य आहे का’ असे विचारणे म्हणजे दोन्ही घरांकडून मान घेणाऱ्या लग्नाच्या मध्यस्थाला मुलाचा पगार विचारण्यासारखे आहे.

नोंदणीकृत एजंट म्हणजे नेमके काय?

‘महारेराकडे नोंदणी असलेलाच एजंट घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो (महारेरा म्हणजे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) आणि तो चुकीचा नाही, पण त्याची मर्यादा फारसे कोणी सांगत नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम ९ नुसार एजंटाला नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्रात २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आवश्यक झाली आहे. मात्र त्या कलमाचा रोख नोंदणीकृत प्रकल्पातल्या आणि प्रवर्तक, म्हणजे बिल्डर, विकत असलेल्या सदनिकांवर आहे. कोथरूडमधल्या १९९० च्या सुमाराच्या इमारतीतला फ्लॅट एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाला विकला, तर मधल्या दलालाने दिशाभूल केल्याच्या तक्रारीला महारेराचा आधार मिळेल, असे गृहीत धरू नये. माणूस धंदा गांभीर्याने करतो, एवढे त्या नोंदणी क्रमांकावरून कळते आणि तेही बिनमहत्त्वाचे नाही.

पुनर्विक्रीत खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो १८७२ चा भारतीय करार कायदा. वेगळा करार केलेला नसेल, तर सोपवलेले काम पूर्ण होईपर्यंत एजंटाला मोबदला देय होत नाही, असे त्याचे कलम २१९ सांगते. आणि सोपवलेल्या कामात गैरवर्तन केले असेल, तर त्या कामाच्या मोबदल्यावर एजंटाचा हक्क राहत नाही, असे कलम २२० सांगते. म्हणून टोकनच्या दिवशीच निम्मी दलाली मागणाऱ्याला, ती खरेदीखताची नोंदणी झाल्यावर मिळेल, असे सांगण्यात काहीही अनुचित नाही. एका पानाच्या साध्या पत्रात टक्का, तो एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा, जीएसटी धरून की वगळून आणि पैसे कधी द्यायचे, एवढे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, की पुढचे बरेच वाद टळतात. सही करायला खळखळ करणारा दलाल पुढे काय करील, याचा अंदाज त्या खळखळीवरूनच बांधावा.

खरेदीदाराच्या बाजूने

खरेदीदाराला दलालाकडून मिळणारी खरी वस्तू म्हणजे प्रवेश. जुन्या पुण्यातले अनेक मालक फ्लॅट कुठल्याही पोर्टलवर टाकत नाहीत. चावी कोपऱ्यावरच्या दलालाकडे ठेवतात आणि मोकळे होतात. अशा दलालाच्या ड्रॉवरमध्ये सोसायटीचे नाव आणि फ्लॅट क्रमांक लिहिलेल्या कागदी चिठ्ठ्या बांधलेल्या चाव्यांचा जुडगा असतो आणि एका रविवारी सकाळी तो आपल्याला चार-पाच घरे सलग दाखवू शकतो. हे काम स्वतः करायचे, तर प्रत्येक मालकाची आणि भाडेकरूची वेळ जमवण्यातच महिना निघून जातो.

भावाबाबत मात्र त्याचे मत विचारूही नये, कारण त्याची खातरजमा घरबसल्या करता येते. विक्रेत्याकडून त्याच्या जुन्या करारनाम्याची प्रत मागून घ्यावी. तिच्यात सर्व्हे क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्चमध्ये वर्ष, जिल्हा, गाव आणि तो क्रमांक टाकला, की त्या मिळकतीवर नोंदवलेल्या दस्तांची यादी येते आणि प्रत्येक दस्तासमोर सूची क्रमांक २ (‘इंडेक्स टू’), म्हणजे त्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा, उघडता येते. तिच्या दुसऱ्या रकान्यात मोबदला असतो, तिसऱ्यात सरकारी दराने येणारा बाजारभाव आणि पाचव्यात क्षेत्रफळ. संकेतस्थळ संथ आहे आणि चित्रातली अक्षरे पुन्हा पुन्हा टाकायला लावते, पण त्याच इमारतीतल्या गेल्या दोन वर्षांतल्या तीन-चार व्यवहारांचे आकडे हाताशी आले, की ‘इथे फुटाला ११ हजारांच्या खाली काहीच नाही’ या वाक्याची किंमत कळते. क्षेत्रफळ चटई (भिंतींच्या आतले) आहे की बिल्टअप (भिंतींसह), हे तेवढे जुळवून पाहावे. दर फुटामागे सांगताना ही सरमिसळ हमखास होते.

काही व्यवहारांत कागदावरचा मोबदला खऱ्या किमतीपेक्षा कमी लिहिलेला असू शकतो, हे लक्षात ठेवूनच हे आकडे वाचावेत. १ जून २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही आणि घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. तरीही ‘थोडे चेकने, थोडे कॅश’ असे सुचवणाऱ्या दलालाशी बोलणे तिथेच थांबवावे.

‘साहेब, दुसरी पार्टी आज संध्याकाळी टोकन देतेय’ हे वाक्य कधीकधी खरेही असते. त्यावर उत्तर एकच : टोकन चेकने किंवा बँकेतून, थेट मालकाच्या खात्यावर, आणि पावतीवर फ्लॅटचे वर्णन, ठरलेली किंमत, साठेखताची (विक्रीच्या आधीच्या कराराची) मुदत आणि कागदपत्रांत दोष किंवा कर्ज नामंजूर निघाल्यास टोकन परत, हे सगळे लिहिलेले. दलालाच्या हातात टोकन देऊ नये. तसेच त्यानेच सुचवलेला वकील घेऊ नये. तो वाईट असतो म्हणून नव्हे, तर पुढच्या महिन्यातले कामही त्याला त्याच दलालाकडून मिळायचे असते म्हणून.

विक्रेत्याच्या बाजूने

विक्रेत्यांची नेहमीची पद्धत म्हणजे पाच दलालांना सांगून ठेवणे. दिसायला यात स्पर्धा आहे. प्रत्यक्षात एकच फ्लॅट पाच जाहिरातींत पाच किमतींना दिसू लागतो, कुठे ७८, कुठे ८२, कुठे ८५ लाख, आणि पाहणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती घराविषयीच. शिवाय त्या पाचांपैकी कोणीही चांगले फोटो काढण्यावर किंवा कागदपत्रांचा संच नीट लावण्यावर वेळ घालवत नाही, कारण फळ दुसऱ्याच्या पदरात पडण्याची शक्यता चार पट असते.

दुसरी चाल अधिक जुनी आहे. फ्लॅट आपल्याकडे यावा म्हणून दलाल सुरुवातीला फुगवलेला भाव सांगतो, विक्रेता खूश होतो आणि दीड-दोन महिने कोणी फिरकले नाही, की ‘मार्केट थंड आहे’ म्हणत तो भाव उतरवायला लावतो. तिसरी चाल ‘नेट’ भावाची : मालकाला हातात किती हवे ते विचारायचे आणि वरचे आपले म्हणायचे. जो मालक नेट आकड्यावर राजी होतो, त्याचा फ्लॅट खरेदीदाराला किती रुपयांना सांगितला जातो, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

माझ्या मते विक्रेत्याने एकाच दलालाला, साठ ते नव्वद दिवसांच्या मुदतीने, लेखी काम द्यावे. जाहिरातीतली किंमत पत्रात लिहावी आणि मुदतीत स्वतःच्या ओळखीने गिऱ्हाईक मिळाले तर दलाली द्यायची की नाही, तेही तिथेच नमूद करावे. बदल्यात थोडा जास्त टक्का द्यावा लागला, तरी त्याने खरेदीदाराकडून काही घेऊ नये, अशी अट घालता आली तर उत्तम. अशी अट मान्य करणारे थोडे आहेत, पण आहेत.

पोर्टल

पोर्टलविषयी थोडक्यात सांगता येईल. मागितल्या जाणाऱ्या किमतींचा अंदाज घ्यायला ते चांगले आहे, पण मागितलेली किंमत आणि ठरलेली किंमत यांत पुष्कळ अंतर असते. ‘मालकाकडून थेट’ म्हणून दिलेल्या जाहिरातींमागे अनेकदा दलालच निघतो आणि विक्रेत्याने स्वतःचा क्रमांक टाकला, की पहिल्या आठवड्यात येणाऱ्या फोनांत खरेदीदारांपेक्षा दलालांचीच संख्या जास्त असू शकते. वाकड, बाणेर, हिंजवडी अशा ठिकाणच्या मोठ्या, एकसारख्या फ्लॅटांच्या संकुलात पोर्टल बरे काम करते, कारण तिथे तुलना सोपी असते. पेठांतल्या आणि जुन्या कोथरूडमधल्या एकेका वेगळ्या घरासाठी त्याचा उपयोग कमी.

थेट व्यवहार

थेट व्यवहारात ८० लाखांच्या फ्लॅटवर एका बाजूचे ८० हजार ते १ लाख ६० हजार आणि, दलाल जीएसटी आकारत असेल तर, त्यावरचा १८ टक्के कर वाचतो. पण दलाल करतो ती कामे त्यामुळे नाहीशी होत नाहीत. कोणाच्या तरी अंगावर येतात. पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क, महिलेच्या नावे घेतल्यास त्यात १ टक्क्याची सवलत, जास्तीत जास्त ३० हजार नोंदणी फी, किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या पैशातून आधीच कापायचा आयकर) कापून भरणे, हे सगळे वकील किंवा सीए सांगतो आणि शिकता येते. सोसायटीच्या बाबतीत तर दलालाच्या ‘एनओसी मी काढून देतो’ या आश्वासनाला फारसा अर्थ नसतो, कारण आदर्श उपविधींनुसार हस्तांतरासाठी सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक नाही आणि महापालिका क्षेत्रात हस्तांतर अधिमूल्य (सोसायटी घेते ती ट्रान्स्फर फी) २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. बँक मात्र कर्जासाठी ते प्रमाणपत्र मागते, ही अडचण खरी आहे.

थेट व्यवहार अडकतो तो दोन ठिकाणी. पहिले म्हणजे विक्रेत्याचे चालू कर्ज : मूळ कागद त्याच्या बँकेत, खरेदीदाराची बँक ते पाहिल्याशिवाय पैसे सोडायला तयार नाही आणि पैसे आल्याशिवाय पहिली बँक कागद देणार नाही. दोन्ही शाखांत खेटे घालून तारखा जुळवणारा अनुभवी दलाल इथे आपली दलाली खरोखर कमावतो. दुसरी अडचण संकोचाची आहे. बहिणीच्या मैत्रिणीचा किंवा खालच्या मजल्यावरच्या काकांचा फ्लॅट घेताना ‘३ लाख कमी करा’ म्हणायला जीभ रेटत नाही आणि बाथरूमची गळती दिसली तरी माणूस गप्प बसतो. ओळखीत केलेल्या व्यवहारात वाचलेली दलाली अनेकदा या गप्प बसण्यात खर्ची पडते.

कोणी काय निवडावे?

इमारत ठरलेली आहे, विक्रेत्यावर कर्ज नाही आणि दोन्ही पक्ष भावाबद्दल मोकळेपणाने बोलू शकतात, तर थेट व्यवहार करावा आणि वाचलेल्या पैशातून चांगल्या वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल (मिळकतीच्या मालकीचा आणि बोज्यांचा तपास) घ्यावा. खरेदीदाराला परिसर नवा असेल किंवा विक्रेत्यावर कर्ज असेल, तर दलाल घ्यावा, पण भाव सूची क्रमांक २ वरून आणि कागद स्वतःच्या वकिलाकडून तपासावेत. मोठ्या संकुलातल्या विक्रेत्याने आधी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि फलकावर महिनाभर प्रयत्न करावा, मग एका दलालाकडे लेखी काम सोपवावे.

परदेशात राहून आईवडिलांचा पुण्यातला फ्लॅट विकणाऱ्याला दलालावाचून जवळजवळ गत्यंतर नसते, कारण चावी, पाहणाऱ्यांच्या वेळा आणि पाणीपट्टी कोणीतरी इथेच सांभाळावी लागते. फक्त त्याच दलालाला कुलमुखत्यारपत्र देऊ नये. ते नातेवाइकाच्या नावे आणि ठरावीक कामापुरते करावे. विक्रेता अनिवासी असेल तर खरेदीदाराला १ टक्का नव्हे, बराच जास्त टीडीएस कापावा लागतो, हे दलाल बहुधा सांगतच नाही आणि साठेखतानंतर कळले की दोन्ही पक्ष एकमेकांवर चिडतात; म्हणून कमी दराने कर कापण्याच्या प्रमाणपत्राचा अर्ज आयकर खात्याकडे साठेखतापूर्वीच करावा आणि तोपर्यंत टोकनपलीकडे रक्कम घेऊ-देऊ नये.