यूकेच्या हेल्थ अँड केअर व्हिसासाठी स्वतःचा सॉलिसिटर: अनेक महिन्यांच्या वापरानंतर, आणि त्या २० टक्के व्हॅटबद्दल

सॉलिसिटर फर्मने अखेर क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद, काढली. फीवर लावलेला २० टक्के व्हॅट (तिथला विक्रीकर) परत आला, म्हणून आता सगळं लिहून टाकते. सेवा अशी: यूकेतल्या रुग्णालयाची नर्सची ऑफर, हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा आणि त्यासाठी स्वतःच्या खिशातून नेमलेला तिथला इमिग्रेशन सॉलिसिटर, म्हणजे वकील. एनएमसी (यूकेत नर्सची नोंदणी करणारी संस्था), तिची संगणकावरची परीक्षा सीबीटी आणि इंग्रजीची परीक्षा ओईटी यांची याहून जास्त ओळख इथे करून देत नाही.

आधी व्हॅट, कारण त्याबद्दल कुणीच बोलत नाही. ग्राहक खासगी व्यक्ती असेल आणि यूकेबाहेर राहत असेल, तर वकिलाची सेवा व्हॅटच्या हिशेबाने ग्राहक राहतो त्या देशात दिली गेली असं धरतात. म्हणजे तुम्ही साताऱ्यात किंवा नागपुरात राहून काम दिलंत, तर त्या फीवर यूकेचा व्हॅट लागतच नाही. बिलं मात्र यूकेतल्या ग्राहकांच्या साच्यात निघतात आणि २० टक्के आपोआप चढतात. हजार पौंडांच्या फीवर दोनशे पौंड! व्हिसाची स्वतःची फी एप्रिल २०२५ च्या दरपत्रकात तीन वर्षांपर्यंत ३०४ पौंड होती, म्हणजे दोन-तृतीयांश व्हिसा त्यातच गेला.

करायचं एवढंच. क्लायंट केअर लेटरवर (फर्मच्या कामाच्या आणि फीच्या अटींचं पत्र) सही करण्याआधी ईमेलने विचारा की माझा राहता पत्ता भारतातला आहे, तर व्हॅट का लावताय. सोबत पत्त्याचा पुरावा जोडा. बँक स्टेटमेंट चालतं. बिलावर ‘यूके व्हॅटच्या कक्षेबाहेर’ अशी नोंद मागा. सॉलिसिटर फर्मना इमिग्रेशनच्या कामाचे दर वेबसाइटवर लावणं डिसेंबर २०१८ पासून बंधनकारक आहे, आणि त्यात व्हॅट धरलाय की नाही हेही सांगावं लागतं. ते पान सही करण्याच्या दिवशीच सेव्ह करून ठेवा. पैसे भरून झाले असतील तर ‘रिफंड द्या’ म्हणू नका, ‘बिल दुरुस्त करून क्रेडिट नोट काढा’ म्हणा. मग अकाउंट्सवाल्यांना टाळाटाळ करायला जागा राहत नाही. फर्मला नेमणारं आणि पैसे देणारं रुग्णालय असेल, तर हा हिशेब त्यांचा, आपला संबंध नाही.

आता काम कसं झालं ते.

ऑनलाइन फॉर्म भरायला वकिलाची गरज नाही, हे स्पष्ट सांगते. एनएमसीच्या नोंदणीतही वकील काही करू शकत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून जाणारं व्हेरिफिकेशन कौन्सिलकडूनच जावं लागतं. त्यासाठी लंडनहून आलेल्या पत्राने इथली फाइल पुढे सरकत नाही. फीच्या पॅकेजमध्ये ‘एनएमसी सहाय्य’ असा वेगळा आकडा दिसला तर तो काढायला सांगा.

पैसे वसूल झाले ते सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (सीओएस, म्हणजे स्पॉन्सर असलेल्या रुग्णालयाने व्हिसासाठी दिलेली नोकरीची नोंद) वाचून घेण्यात. रुग्णालयाचा एचआर विभाग सीओएसचा नंबर पाठवून देतो आणि आपण आनंदात लगेच अर्ज भरतो. तसं करू नका. नंबरासोबत सीओएसच्या सगळ्या तपशिलाची पीडीएफ मागा आणि ती वकिलाला पाठवा. पाहायचं ते असं. भारतातून अर्ज करणाऱ्याला ‘डिफाइन्ड’ सीओएस लागतं, ‘अनडिफाइन्ड’ यूकेत आधीच असलेल्यांसाठी असतं. प्रकार चुकला तर अर्ज नाकारला जातो. ऑक्युपेशन कोड नर्सचा हवा, जनरल वॉर्डच्या बहुतेक नोकऱ्या २२३७ मध्ये येतात. पगार, आठवड्याचे तास आणि कामाचा पत्ता ऑफर लेटरशी जुळला पाहिजे. एनएचएसमध्ये (यूकेची सरकारी आरोग्यसेवा) पूर्णवेळ म्हणजे ३७.५ तास, आणि इंग्लंडात २०२५-२६ साठी बँड ५ ची, म्हणजे नोंदणीकृत नर्सच्या सुरुवातीच्या पगारश्रेणीची, सुरुवात ३१,०४९ पौंडांची होती. ओएससीई, म्हणजे एनएमसीची प्रात्यक्षिक परीक्षा, व्हायची असेल तर सुरुवातीचा पगार खालच्या बँडचा असू शकतो. अशा वेळी पहिली ओएससीई नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यावी लागते आणि नोंदणी आठ महिन्यांत व्हावी लागते. हा पगार आणि हे टप्पे सीओएसमध्ये नीट लिहिलेले हवेत. नोकरी हेल्थ अँड केअर व्हिसात बसते असा स्पॉन्सरचा स्पष्ट उल्लेखही हवा. तो नसेल आणि अर्ज साध्या स्किल्ड वर्कर व्हिसात गेला, तर प्रत्येक मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंडांचा हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठीची आकारणी) समोर येतो, जो या व्हिसात माफ आहे.

सीओएस मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो. स्पेलिंगसारखी किरकोळ चूक स्पॉन्सर त्याच सीओएसवर नोट टाकून सुधारू शकतो. कोड किंवा प्रकार चुकला असेल तर नवीन सीओएसच मागायचं.

नावाचा प्रश्न हा खास आपला. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव; लग्नानंतरच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव; कौन्सिलच्या नोंदणीवर यातलं काहीतरी तिसरंच. तिथल्या अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटू शकतात. सीओएस आणि अर्ज दोन्ही पासपोर्टप्रमाणेच भरा, आणि जुन्या नावांचा प्रश्न येतो तिथे प्रत्येक जुनं नाव लिहा. विवाह नोंदणीचा दाखला जोडा, आणि पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्रातली नोंद. दाखला फक्त मराठीत असेल, किंवा द्विभाषिक दाखल्यावर हाताने लिहिलेला मराठी शेरा असेल, तर प्रमाणित भाषांतर लागतं. त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. नुसता नोटरीचा शिक्का पुरत नाही. आमच्या वकिलाने याबद्दल आपणहून एका पानाचं स्पष्टीकरणपत्र तयार केलं, कुठलं नाव कुठल्या कागदावर आणि का, असं. या सेवेतलं ते सर्वात सुबक काम.

गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात एकूण बारा महिने राहिलात, तिथलं पोलीस क्लिअरन्स लागतं. आखाती देशात नोकरी केलेल्या सिस्टर्सनी हे ऑफर येण्याआधीच मागवायला घ्यावं, देश सोडल्यावर ते मिळवणं वेळखाऊ असतं. टीबीचं प्रमाणपत्र मान्यताप्राप्त केंद्राचंच हवं आणि ते सहा महिने चालतं, त्यामुळे फार आधी काढून उपयोग नाही. १,२७० पौंड २८ दिवस खात्यात दाखवायचे असतात. स्पॉन्सरने सीओएसवर निर्वाहाची हमी दिली असेल तर ते लागत नाहीत. एचआरला तेवढं एक खूण करायला सांगा.

व्हिसा लागला तेव्हा माझं मत होतं: सीओएस आणि कागद तपासण्यापुरतं ठरावीक फीचं काम द्यावं, बाकी पैसे वाचवावेत. नोकरी बदलायची वेळ आली तेव्हा ते मत बदललं. रुग्णालय बदललं की यूकेतूनच नवा अर्ज, नव्या स्पॉन्सरचं सीओएस. त्याचा निर्णय येईपर्यंत नवी नोकरी सुरू करता येत नाही आणि देशाबाहेरही जायचं नाही, गेलात तर अर्ज मागे घेतल्यासारखं होतं. जुनी नोकरी संपल्याचं स्पॉन्सर यूकेच्या गृहखात्याला कळवतो आणि मग साधारणपणे साठ दिवसांची मुदत मिळते. म्हणून राजीनामा आणि अर्ज यांचा क्रम वकिलाकडून लेखी घ्यावा. या दुसऱ्या कामाच्या बिलावर व्हॅट लागला आणि तो बरोबर होता, कारण तोवर राहणं तिथलं झालं होतं.

त्याच वेळी करारातलं परतफेडीचं कलम जागं होतं: अमुक वर्षांच्या आत नोकरी सोडली तर खर्च परत द्या. भीतीपोटी मुली मागितलेली सगळी रक्कम भरतात, हे पाहून वाईट वाटतं. त्या यादीतल्या काही गोष्टी तुमच्याकडून घेताच येत नाहीत. इमिग्रेशन स्किल्स चार्ज (परदेशी कर्मचारी घेण्यावरची सरकारी आकारणी) स्पॉन्सरनेच भरायचा असतो. मोठ्या संस्थेला तो वर्षाला १,००० पौंड होता, डिसेंबर २०२५ पासून १,३२०. ३१ डिसेंबर २०२४ पासून दिलेल्या सीओएसची फी, एप्रिल २०२५ च्या दराने ५२५ पौंड, आणि स्पॉन्सर लायसन्सचा खर्चही वसूल करता येत नाही. विमानभाडं किंवा सुरुवातीची राहण्याची सोय मागता येते, पण यूकेच्या आंतरराष्ट्रीय भरतीच्या आचारसंहितेत पारदर्शकता, वाजवी खर्च, मुदत आणि लवचिकता ही तत्त्वं आहेत, आणि जितकी नोकरी झाली तितकी रक्कम उतरत जायला हवी. वकिलाने प्रत्येक आकड्याचं बिल मागणारं पत्र लिहिलं. मागणी बरीच खाली आली. माझ्या मते हे कलम ऑफरवर सही करण्याआधी वाचून घेण्यासाठीच वकिलाला पहिले पैसे द्यावेत, व्हिसाचा फॉर्म नंतर.

माणूस निवडताना तो एसआरएच्या (सॉलिसिटरांची नियामक संस्था) किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीच्या (इतर इमिग्रेशन सल्लागारांची नियामक संस्था) यादीत आहे का ते पाहा. ही अथॉरिटी म्हणजे जानेवारी २०२५ पर्यंतची ओआयएससी. सरळ अर्जासाठी तिच्याकडे नोंदलेला लेव्हल १ सल्लागार पुरतो आणि स्वस्त पडतो. नकार आल्यावर लेव्हल २ किंवा सॉलिसिटर गाठा: भारतातून ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यूसाठी (निर्णयाची फेरतपासणी) २८ दिवस आणि ८० पौंड, आणि त्यात फक्त अधिकाऱ्याची चूक तपासली जाते. पुण्या-मुंबईत बसून सल्ला देणाऱ्याला यूकेचा तो नोंदणीचा कायदा लागू होत नाही, तेव्हा ‘यूके रजिस्टर्ड’ हा फलक पाहून पैसे देऊ नका. भरती एजंट असेल तर भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरची नोंदणी पाहा. भारतीय नियमाने त्याची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी, आणि यूकेची आचारसंहिता तर उमेदवाराकडून भरतीची फी घ्यायलाच मनाई करते. रुग्णालयाने दिलेला वकील कितीही गोड बोलला तरी त्याचा पक्षकार रुग्णालय असू शकतो. क्लायंट केअर लेटरमध्ये पक्षकार म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचा.

फी ठरावीकच घ्या. तासावर घेतली तर बिल सहा-सहा मिनिटांच्या युनिटमध्ये चढतं आणि ‘थँक यू’ एवढ्या ईमेललाही एक युनिट लागू शकतं, म्हणून प्रश्न साठवून एकाच मेलमध्ये पाठवा. तक्रार आधी फर्मकडे लेखी करायची. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर सॉलिसिटरविरुद्ध लीगल ओम्बड्समनकडे जाता येतं, तेही फुकट. आणि यूकेत पोहोचून रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगचं सभासदत्व घेतलं असेल, तर त्यांची इमिग्रेशन सल्ल्याची सेवा सभासदांसाठी आहे; पुढचा अर्ज बाहेरच्या फर्मला देण्याआधी तिथे विचारून घ्या.